ध्वनिविलंब, संगणकीय
संगणकाच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण किंवा वादन करीत असता ध्वनी यंत्रणेत शिरल्यापासून तो ध्वनिक्षेपकातून वा हेडफोनमधून पुन्हा बाहेर पडेपर्यंत जो काळ जातो, त्यास संगणकीय ध्वनिविलंब म्हणतात. हा काळ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत, मोजतात. मुद्रित ध्वनी नंतर ऐकावयाचा असेल, तर या विलंबाला महत्त्व नसते. परंतु गायक वा वादक आपलाच ध्वनी संगणकातून परत ऐकत त्याच क्षणी गात वा वाजवीत असेल, तर विलंब वाढताच लय ढळू लागते. हा विलंब कमी व स्थिर राखण्यासाठी लिनक्स या परिचालन प्रणालीची जुळणी कशी करतात, याचे विवेचन या नोंदीत केले आहे.

विलंबाची जाणीव : हवेत ध्वनीचा वेग २०° से. तापमानास सेकंदाला सु. ३४३ मी. असतो, म्हणजे एका मिलिसेकंदात ध्वनी सु. ३४ सेंमी. अंतर कापतो. गायकापासून तीन मीटरांवर बसलेल्या तबलावादकास गायकाचा स्वर सु. ९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो आणि तरीही त्याचा ठेका बिघडत नाही. यावरून सु. १० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब बहुतेक वादकांना का बाधत नाही, हे समजते. विलंब २० ते ३० मिलिसेकंदांवर गेला की वाद्य जड झाल्याचा भास होतो आणि वादक नकळत लय ओढू लागतो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एका मात्रेस २५० मिलिसेकंद मिळतात. त्या मात्रेत चार बोल वाजविले, तर दोन बोलांतील अंतर सु. ६२ मिलिसेकंद होते. ३० मिलिसेकंदांचा विलंब हा या अंतराच्या जवळजवळ निम्मा आहे.

गायकाची अडचण निराळी असते. त्याला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून तत्काळ ऐकू येतो व तोच आवाज हेडफोनमधून काही मिलिसेकंद उशिरा येतो. दोन्ही आवाज कानात एकत्र होताना काही कंप्रता परस्परांना क्षीण करतात व आवाज पोकळ वाटू लागतो. त्यामुळे वादकास न जाणवणारा थोडा विलंबही गायकास खटकू शकतो.

पूर्वपीठिका : विलंबाचा प्रश्न संगणकाबरोबर जन्मलेला नाही. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये अयोध्येचा राजा हा बोलपट काढला. त्या काळी नट-नटी चित्रीकरण चालू असतानाच गात आणि साथीच्या वाद्यांसह त्याच वेळी ध्वनिमुद्रण होई. गाणारा, साथीदार व यंत्र एकाच वेळी एकाच ठिकाणी असल्याने आधी मुद्रित केलेले ऐकून त्यावर गाण्याचा प्रसंगच नव्हता. १९३५ मधील धूपछाँव या हिंदी चित्रपटापासून पार्श्वगायनाची पद्धत रूढ होऊ लागली. पुढे चुंबकीय फितीवर अनेक पट्ट्यांत मुद्रण करण्याचे तंत्र आल्यावर एका पट्टीवरील वाद्यमेळ ऐकत दुसऱ्या पट्टीवर गाणे शक्य झाले.

याच वेळी विलंबाची अडचण प्रथम स्पष्टपणे पुढे आली. मुद्रण करणारे शीर्ष व पुनरुत्पादन करणारे शीर्ष ही यंत्रात एकमेकांपासून दूर असतात. हे अंतर ४ सेंमी. आणि फितीचा वेग सेकंदास ३८ सेंमी. असेल, तर पुनरुत्पादन शीर्षावरून ऐकलेला ध्वनी सु. १०५ मिलिसेकंद मागे पडतो. यावर उपाय म्हणून मुद्रणशीर्षाकडूनच तात्पुरते पुनरुत्पादनाचे काम करून घेण्याची युक्ती योजण्यात आली. अंकीय तंत्रात शीर्षांमधील अंतर गेले. पण त्याच्या जागी संगणकातील साठवण आली.

विलंबाची उत्पत्ती व गणन : मायक्रोफोनमधील विद्युत् संकेत संगणकाला अंकांच्या रूपात द्यावा लागतो. त्यासाठी सेकंदाला ठराविक वेळा संकेताचे मूल्य घेतात. यास नमुनन म्हणतात. ध्वनितबकडीसाठी, म्हणजे सीडीसाठी, नमुननदर सेकंदाला ४४,१०० असा ठरविलेला आहे; चित्रपट व दृक्‌मुद्रणात ४८,००० हा दर प्रचलित आहे. प्रत्येक नमुना येताच त्यावर प्रक्रिया करणे संगणकाला परवडत नाही. म्हणून ठराविक संख्येचे नमुने साठल्यावर तो सर्व गट एकदम प्रक्रियेस घेतला जातो. या साठवणीस बफर म्हणतात व विलंबाचा मोठा भाग तिच्यामुळे उद्‌भवतो.

बफरमधील नमुन्यांच्या संख्येस नमुननदराने भागले असता एका गटाचा काल मिळतो. दर ४८,००० धरल्यास ६४ नमुन्यांना सु. १.३, १२८ नमुन्यांना सु. २.७, २५६ नमुन्यांना सु. ५.३ व १,०२४ नमुन्यांना सु. २१.३ मिलिसेकंद लागतात. ध्वनी आत येताना एक गट भरावा लागतो आणि बाहेर जाताना सामान्यतः दोन गट रांगेत ठेवतात. एक वाजत असताना दुसरा तयार होतो. त्यामुळे १२८ नमुन्यांचा गट घेतल्यास जाण्यायेण्याचा विलंब ३८४ नमुने म्हणजे ८ मिलिसेकंद होतो. सदृश संकेताचे अंकांत व अंकांचे पुन्हा सदृश संकेतात रूपांतर करणाऱ्या मंडलांतील गाळण्या, तसेच यूएसबी जोडणीतील देवघेव यांमुळे त्यात आणखी थोडी भर पडते.

वेग व वेळेवरपणा : संगणक जितका वेगवान तितका विलंब कमी, असा समज सर्वत्र आढळतो. तो अपुरा आहे. १२८ नमुन्यांच्या गटासाठी संगणकाला सेकंदातून ३७५ वेळा काम पुरे करावे लागते आणि प्रत्येक वेळी त्यास २.७ मिलिसेकंदांहूनही कमी अवधी मिळतो. एका तासाच्या मुद्रणात अशा १३,५०,००० मुदती येतात. त्यांपैकी एक जरी चुकली, तरी बाहेर पाठविण्याचा गट रिकामा राहतो किंवा आत आलेले नमुने वाया जातात. ध्वनीत खट् असा आवाज येतो वा क्षणभर खंड पडतो. लाखातून एक मुदत चुकली, तरी तासाभरात असे तेरा-चौदा डाग पडतात. चांगला लागलेला स्वर अशा एका डागाने निकामी होतो व तो पुन्हा तसाच लागेल याची शाश्वती नसते.

म्हणून येथे संगणकाचा सरासरी वेग निर्णायक ठरत नाही. सर्वांत वाईट प्रसंगी त्याला किती उशीर होतो, हे निर्णायक असते. जो संगणक एखादे काम बहुतेक वेळा अर्ध्या मिलिसेकंदात करतो परंतु कधी तरी दहा मिलिसेकंद घेतो, तो ध्वनिकार्यास निरुपयोगी होय. तेच काम दर वेळी दोन मिलिसेकंदांत करणारा मंद संगणक उपयोगी होय. उत्तरे अचूक असणे पुरेसे नसून ती ठरलेल्या मुदतीत येणेही आवश्यक असते, अशा कार्यास वास्तवकालिक कार्य म्हणतात.

लिनक्समधील विकास : लिनक्स प्रणालीचा गाभा फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्‌स यांनी १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. अनेक कार्यांना आळीपाळीने न्याय्य वाटा देऊन एकूण काम जास्तीत जास्त व्हावे, हे अशा सर्वसाधारण प्रणालीचे ध्येय असते. ध्वनिकार्याला मात्र समान वाटा नको असतो, नेमक्या क्षणी अग्रहक्क हवा असतो. गाभा स्वतःच्या एखाद्या लांब कामात गुंतला असेल, तर पूर्वी ते काम संपेपर्यंत ध्वनिकार्यास थांबावे लागे. २००३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या २.६ या आवृत्तीत गाभ्याचे चालू काम मध्येच बाजूस सारून निकडीच्या कार्यास वाट देण्याची सोय आली. त्याच आवृत्तीत यारोस्लाव्ह किसेला यांनी सुरू केलेली आल्सा ही ध्वनियंत्रणा प्रमाण म्हणून समाविष्ट झाली. अनेक ध्वनिकार्यक्रमांना एकाच तालावर चालविणारी व त्यांचे ध्वनी एकमेकांत खेळविणारी जॅक ही यंत्रणा पॉल डेव्हिस यांनी निर्माण केली. आर्डर हा बहुपट्टी ध्वनिमुद्रणाचा कार्यक्रमही त्यांचाच आहे.

गाभा जवळजवळ सर्वत्र खंडनीय करणारे वास्तवकालिक बदल इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर व त्यांचे सहकारी यांनी २००४ च्या सुमारास हाती घेतले. हे बदल अनेक वर्षे मुख्य गाभ्याबाहेर स्वतंत्रपणे उपलब्ध होते व ते टप्प्याटप्प्याने आत घेण्यात आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.१२ या आवृत्तीपासून पूर्ण वास्तवकालिक पर्याय मुख्य गाभ्यातच मिळू लागला. विम टेमन्स यांनी विकसित केलेल्या पाइपवायर या यंत्रणेने सर्वसाधारण ध्वनी व अल्पविलंबी ध्वनी यांची सोय एकत्र केली असून जॅकसाठी लिहिलेले कार्यक्रमही तिच्यावर चालतात.

प्रणालीची जुळणी : जुळणीचे सर्व उपाय एकाच हेतूने केलेले असतात, ध्वनिकार्याच्या वाटेत येणारा प्रत्येक अनपेक्षित अडथळा दूर करणे हा तो हेतू होय.

(१) अग्रक्रम : लिनक्समध्ये वास्तवकालिक कार्यांना १ ते ९९ असे अग्रक्रम देता येतात. सर्वसाधारण उपयोगकर्त्यास हा अधिकार नसतो, कारण असे एखादे कार्य भरकटल्यास ते साऱ्या संगणकास वेठीस धरू शकते. म्हणून उपयोगकर्त्याला ‘ऑडिओ’ या गटात घालून त्या गटास हा अधिकार देतात. सुरक्षिततेसाठी सु. ५ टक्के वेळ इतर कार्यांकरिता राखून ठेवण्याची व्यवस्था गाभ्यात मुळातच असते. ध्वनिउपकरणाचा व्यत्यय हाताळणाऱ्या कार्यास सर्वांत वरचा, जॅक वा पाइपवायर यंत्रणेस त्याखालचा व प्रत्यक्ष कार्यक्रमांस त्याहून खालचा अग्रक्रम देणे इष्ट असते. ध्वनिउपकरणाकडून नमुने आल्याची वर्दीच उशिरा पोचली, तर पुढील कार्याचा अग्रक्रम कितीही वरचा असून उपयोग होत नाही.

(२) स्मृती : स्मृती अपुरी पडू लागल्यास प्रणाली तिचा काही भाग चकतीवर हलविते. तो भाग परत आणण्यास फिरत्या चकतीला सु. १० मिलिसेकंद लागू शकतात. म्हणजे तीन-चार मुदती एकदम बुडतात. यासाठी ध्वनिकार्याची स्मृती जागेवरच कुलूपबंद ठेवण्याची परवानगी अग्रक्रमाबरोबरच देतात.

(३) प्रक्रियक : वीज वाचविण्यासाठी आधुनिक प्रक्रियक काम नसताना आपला वेग उतरवितो व क्रमाक्रमाने गाढ निद्रेत जातो. त्याला पूर्ववत होण्यास वेळ लागतो. ध्वनिकार्यात दर दोन-तीन मिलिसेकंदांनी थोडेसे काम व मग विश्रांती असा क्रम असल्याने प्रक्रियकाला वारंवार डुलकी लागते. वेगनियंत्रक ‘परफॉर्मन्स’ या स्थितीत ठेवून व गाढ निद्रावस्था बंद करून हा दोष टाळतात. विजेचा खर्च व उष्णता वाढते, ही त्याची किंमत होय.

(४) व्यत्यय : उपकरणे संगणकाचे लक्ष वेधण्यासाठी जे संकेत पाठवितात त्यांस व्यत्यय म्हणतात. बिनतारी जाळ्याचे उपकरण, पट-प्रक्रियक व यूएसबी नियंत्रक यांच्याकडून असे संकेत सतत येत असतात. व्यत्ययांची हाताळणी स्वतंत्र कार्यांकडे सोपविल्यास त्यांनाही अग्रक्रम लावता येतो. मुद्रण चालू असताना बिनतारी जाळे, चकतीची अनुक्रमणी व आपोआप होणारे अद्ययनीकरण बंद ठेवणे हा सर्वांत साधा उपाय आहे. यूएसबी ध्वनिउपकरण सामाईक वाटपपेटीस न लावता थेट संगणकास लावावे व शक्य तर त्या नियंत्रकावर दुसरे उपकरण ठेवू नये.

(५) कार्यक्रमांची रचना : ध्वनिकार्यक्रमाचा जो भाग मुदतीत चालावा लागतो, त्याने चकतीवरून वाचू नये, नवी स्मृती मागू नये व दुसऱ्या कार्याने अडविलेल्या साधनाची वाट पाहू नये, असा संकेत आहे. कमी अग्रक्रमाच्या कार्याने साधन अडवून ठेवले आणि मधल्या अग्रक्रमाच्या कार्याने त्याला चालूच दिले नाही, तर सर्वांत निकडीचे कार्यच सर्वांत मागे राहते. यास अग्रक्रमविपर्यास म्हणतात. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक याच कारणाने पुन:पुन्हा नव्याने सुरू होत होता. साधन अडवून ठेवणाऱ्या कार्याला वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम तात्पुरता देऊन तो दोष पृथ्वीवरून सुधारण्यात आला. लिनक्सच्या वास्तवकालिक गाभ्यातही हेच तत्त्व वापरले आहे.

मापन : विलंबाचा अंदाज बफरवरून बांधता येतो, पण खरा विलंब मोजूनच कळतो. ध्वनिउपकरणाचे निर्गम टोक तारेने त्याच्याच आगम टोकास जोडतात, एक संकेत पाठवितात व तो किती नमुन्यांनंतर परत आला ते मोजतात. मिळालेला आकडा मुद्रण-कार्यक्रमास दिला म्हणजे नवी पट्टी जुन्या पट्टीशी बरोबर जुळविली जाते. चुकलेल्या मुदतींची गणना जॅक व पाइपवायर या यंत्रणा स्वतःच करतात. सायक्लिकटेस्ट या कार्यक्रमाने प्रणालीस ठरल्या वेळी जाग येण्यास जास्तीत जास्त किती उशीर होतो हे पाहता येते. ही कसोटी संगणक मोकळा असताना न घेता प्रत्यक्ष मुद्रणाइतका भार टाकून निदान तासभर घ्यावी. कारण क्वचित घडणारा उशीर थोड्या वेळात दिसून येत नाही. काही संगणकांत मूळ यंत्रसंहिता परिचालन प्रणालीच्या नकळत प्रक्रियक ताब्यात घेते. असा उशीर लिनक्सच्या कोणत्याही जुळणीने दूर होत नाही. यासाठी जुना संगणक विकत घेण्यापूर्वीच ही कसोटी घेणे हिताचे ठरते.

मर्यादा : प्रत्येक कामाला अल्प विलंब लागत नाही. गायकाचा आवाज नुसता मुद्रित करावयाचा असेल, तर बहुतेक ध्वनिउपकरणांत आलेला आवाज संगणकात न पाठविता थेट हेडफोनकडे वळविण्याची सोय असते. तेथे विलंब जवळजवळ शून्य असतो व बफर मोठा ठेवता येतो. संगणकातच निर्माण होणारा वाद्यध्वनी किंवा संगणकाने संस्कारित केलेला आवाज वाजविता-गाता ऐकावयाचा असेल, तरच लहान बफर आवश्यक होतो. मुद्रण संपून पट्ट्यांचे मिश्रण करताना तो १,०२४ नमुन्यांपर्यंत वाढवावा. त्यामुळे प्रक्रियकावरील ताण कमी होतो. ब्लूटूथ हेडफोनमध्ये बहुधा १०० मिलिसेकंदांहून अधिक विलंब असल्याने या कामी तारेचा हेडफोनच वापरावा लागतो.

ग्रामीण भागातील उपयोग : महाराष्ट्रात ध्वनिमुद्रणगृहे प्रामुख्याने मुंबई, पुणे, कोल्हापूर यांसारख्या शहरांत आहेत, गाणारे-वाजविणारे मात्र गावोगावी आहेत. कोल्हापूरच्या उत्तरेस पन्हाळा तालुक्यातील कोडोली हे त्याचे एक उदाहरण होय. कोडोलीलगतच्या वारणानगर येथे तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने उभा राहिलेला वारणा बालवाद्यवृंद प्रसिद्ध आहे. भजन, पोवाडा व लावणी यांची परंपरा या जिल्ह्यात सर्वत्र आढळते. अशा ठिकाणी ढोलकी, पेटी व गायन यांचे मुद्रण शहरात न जाता करावयाचे झाल्यास एक वापरलेला संगणक, दोन मायक्रोफोन जोडता येतील असे यूएसबी ध्वनिउपकरण व विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली एवढी सामग्री पुरते.

ढोलकी व गायन मायक्रोफोनने घेताना थेट श्रवणाची सोय वापरावी. पेटीचा ध्वनी संगणकातून काढावयाचा असल्यास पट्टीवाद्य जोडून बफर प्रथम २५६ नमुन्यांवर ठेवावा व वरील उपायांनी प्रणाली स्थिर झाल्यावर तो १२८ वर आणावा. गावातील वीज खंडित झाल्यास मांडीसंगणक आपोआप विद्युत् घटावर जातो व त्याच क्षणी प्रक्रियकाचा वेग उतरवितो. निर्दोष चाललेले मुद्रण बहुधा येथेच बिघडते. म्हणून घटावर असतानाही वेग कायम राहील अशी योजना आधीच करून ठेवावी. भूसंपर्क सदोष असल्यास ५० हर्ट्‌झची गुणगुण ऐकू येते; तिचा विलंबाशी संबंध नसून ती विजेच्या जोडणीतच दुरुस्त करावी लागते.

ही सर्व जुळणी एकदा केली म्हणजे तिची नोंद लिहून ठेवणे अगत्याचे असते, कारण गाभ्याची नवी आवृत्ती आल्यावर कसोटी पुन्हा घ्यावी लागते. जुळणीस पैसा फारसा लागत नाही. चिकाटी व काटेकोर मापन लागते. शहरातील महागड्या यंत्रसामग्रीची जागा असा संगणक सर्वस्वी घेऊ शकत नाही. खोलीचा घुमारा, मायक्रोफोनची गुणवत्ता व मुद्रकाचा कान यांचे महत्त्व कायमच राहते. परंतु वादकाचा हात व त्याचा कान यांमध्ये संगणक आडवा न येणे, एवढे तरी या जुळणीने कोणत्याही गावात साध्य होते.